कार्डावर न केलेला खर्च दिसला तर: दावा कसा मांडायचा आणि तो कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा: क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये न केलेले दोन व्यवहार दिसले. पहिला अगदी किरकोळ रकमेचा, दोन दिवसांनी दुसरा बराच मोठा. कार्ड जवळच आहे, ओटीपी आलेला नाही. कस्टमर केअरने कार्ड ब्लॉक केलं आणि डिस्प्यूट फॉर्म भरायला सांगितला. पैसे परत मिळतील का, आणि न मिळण्याची कारणं काय असतात?

बहुतेक वेळा मिळतात. ओटीपीशिवाय, कार्ड तुमच्याच ताब्यात असताना झालेला ऑनलाइन व्यवहार ही ग्राहकाच्या बाजूने सगळ्यात भक्कम केस असते. तरी अशा केसही हातच्या जातात आणि त्याची मुख्य कारणं दोन. एक म्हणजे उशीर. दुसरं म्हणजे तक्रारीचा चुकीचा प्रकार सांगणं. उशिराबद्दल सगळेच सांगतात. दुसऱ्या कारणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि नुकसान तिथेच जास्त होतं, म्हणून खाली त्यावर जास्त लिहिलं आहे.

पहिला तास

बँकेच्या ॲपमध्ये कार्ड थांबवण्याचे सहसा दोन पर्याय असतात, तात्पुरतं लॉक आणि कायमचं ब्लॉक. हे एकच आहे असं समजू नका. लॉक केलेल्या कार्डावर अनेक बँका आधीपासून नोंदवलेले दरमहाचे व्यवहार जाऊ देतात. व्यवहार आपला आहे की नाही याची खात्री नसेल तर तपासून होईपर्यंत लॉक ठीक. आपला नाही हे नक्की झालं की ब्लॉकच करायचं. फसवणुकीचा दावा आणि त्याच कार्डाचा पुढचा वापर या दोन गोष्टी एकत्र टिकत नाहीत. कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपन्यांच्या) नियमांप्रमाणे बँकेला फसवणूक कळवताना ते खातं बंद केल्याचंही दाखवावं लागतं.

फोन करायचा तो कार्डाच्या मागे छापलेल्या किंवा ॲपमध्ये दिलेल्या नंबरवरच. शोधून मिळालेल्या नंबरवर करू नका. घाबरलेला ग्राहक नेमका कुठला नंबर शोधतो हे चोरांना माहीत असतं आणि ते तिथे आपले नंबर पेरून ठेवतात. तक्रार घ्यायला किंवा व्यवहार रद्द करायला बँकेला तुमचा पिन, सीव्हीव्ही किंवा ओटीपी लागत नाही. "रिव्हर्सलसाठी आलेला ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

फोनवर मिळालेला क्रमांक लिहून घेताना एक प्रश्न नक्की विचारा: "हा क्रमांक कार्ड ब्लॉक केल्याचा आहे की फसवणुकीच्या तक्रारीचा?" बऱ्याच बँकांमध्ये या दोन वेगळ्या विनंत्या असतात. ग्राहकाला वाटतं काम झालं, प्रत्यक्षात फक्त कार्ड बंद झालेलं असतं आणि दावा दाखलच झालेला नसतो. महिन्याभराने चौकशी केली की उत्तर येतं, "आमच्याकडे डिस्प्यूटची नोंद नाही." म्हणून फोन झाल्यावर त्याच दिवशी ईमेल किंवा ॲपमधल्या मेसेजने तेच लेखी कळवा. तारीख आणि वेळ असलेली ती नोंद पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लागते.

त्याच बैठकीत बँकेकडे नोंदवलेला मोबाइल, ईमेल आणि पत्ता उघडून पाहा. चोराने पत्ता बदलून ठेवला असेल तर नवीन कार्ड थेट त्याच्या हातात जाईल. खात्यावर अनोळखी ॲड-ऑन कार्ड नाही ना, मर्यादा वाढवलेली नाही ना, व्यवहार हप्त्यांमध्ये बदललेला नाही ना, रिवॉर्ड पॉइंट्स वळते झालेले नाहीत ना, हेही पाहा. पॉइंट्स चोरीला गेले तर त्याचा दावा वेगळा मांडावा लागतो, कारण तो व्यवहार कार्ड नेटवर्कवरून जात नाही.

व्यवहार अजून पेंडिंग असेल, म्हणजे खात्यावर पक्का नोंदला गेला (पोस्ट झाला) नसेल, तर बँक म्हणते, "पोस्ट झाल्यावर डिस्प्यूट घेऊ." तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पेंडिंग म्हणजे तुमच्या बँकेने फक्त मंजुरी दिलेली असते. पैसे मागणारी दुसरी नोंद व्यापाऱ्याच्या बँकेकडून यायची असते आणि चार्जबॅक, म्हणजे व्यापाऱ्याच्या बँकेकडून पैसे परत ओढणं, त्या दुसऱ्या नोंदीवर होतो. पण फसवणूक कळवायला पोस्ट होण्याची वाट पाहायची नसते. "फसवणूक आज कळवतो आहे, डिस्प्यूट पोस्ट झाल्यावर नोंदवा" असं स्पष्ट सांगा. आणि लक्षात ठेवा, मंजुरी मिळून गेलेला व्यवहार कार्ड ब्लॉक केल्यावरही पोस्ट होऊ शकतो. तो तसा झाला म्हणजे ब्लॉक फसला असं नाही.

व्यवहार खरंच परका आहे का

स्टेटमेंटवर दुकानाच्या पाटीवरचं नाव येईलच असं नाही. नावासाठी जागाच 22 ते 25 अक्षरांची असते आणि तिथे अनेकदा मूळ कंपनीचं किंवा पेमेंट गेटवेचं नाव येतं. समजा ओळ अशी आहे: "पीजीएक्स*स्टुडिओ सेव्हन". ताऱ्याच्या डावीकडे पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं संक्षिप्त नाव असतं आणि उजवीकडे खरा विक्रेता. लोक डावीकडचं अनोळखी नाव पाहून घाबरतात, शोधायचं असतं उजवीकडचं. शहराच्या जागी विक्रेत्याच्या नोंदणीचं शहर येतं, तुम्ही उभे होता ते नव्हे. तारीखही खरेदीची नसून पोस्टिंगची असू शकते.

बँकेला विचारलं तर त्या व्यवहाराचा चार अंकी व्यापारी वर्ग कळू शकतो. 5411 म्हणजे किराणा, 5812 म्हणजे उपाहारगृह, 5816 म्हणजे डिजिटल गेम, 4829 म्हणजे पैसे पाठवण्याची सेवा, 7995 म्हणजे जुगार. नाव अगम्य असलं तरी वर्ग कळला की बहुतेकांना आठवतं, किंवा आपला नाही याची खात्री पटते.

ईमेलमध्ये नेमकी रक्कम शोधा, नाव नको. परकीय चलनातला व्यवहार असेल तर मूळ चलनातल्या रकमेने शोधा. घरातल्यांना विचारा, आणि विचारताना चोरी पकडल्याच्या सुरात विचारू नका. मुलाने तुमच्या फोनवरून गेममध्ये केलेली खरेदी, किंवा फुकट चाचणीचा महिना संपून सुरू झालेलं सबस्क्रिप्शन, ही नेटवर्कच्या भाषेत फसवणूक नाही. ती फसवणूक म्हणून नोंदवली तर काय होतं ते पुढे येईल.

ओटीपी न येता हे झालं कसं

लहान रक्कम आणि मागोमाग मोठी, हा नमुना कार्ड तपासून पाहण्याचा आहे. पहिल्या व्यवहाराने कार्ड जिवंत असल्याची खात्री होते, दुसऱ्याने ते लुटलं जातं. म्हणून किरकोळ अनोळखी रकमेकडे "जाऊ दे" म्हणून दुर्लक्ष करू नका. ती दिसली त्याच दिवशी कार्ड बंद केलं तर मोठी रक्कम जातच नाही.

कार्ड कुठेही न वापरताही हे होऊ शकतं. 16 अंकी क्रमांकातले पहिले 8 अंक (पूर्वी 6) कार्ड देणाऱ्या बँकेचे असतात आणि ते गुप्त नसतात. शेवटचा अंक बाकीच्यांवरून गणिताने ठरतो. उरतात मधले 7, म्हणजे एक कोटी शक्यता. मुदतीचे पाच वर्षांचे 60 महिने आणि सीव्हीव्हीच्या 1,000 शक्यता धरल्या तर एका क्रमांकामागे 60,000 जोड्या होतात. माणसाला हे अशक्य वाटतं, पण अनेक संकेतस्थळांवर विखरून यंत्राने प्रयत्न केले की त्यातली काही कार्डं लागतात. शिवाय काही विक्रेते सीव्हीव्ही विचारतही नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या संकेतस्थळाच्या पेमेंट पानात घुसवलेला कोड. मंजुरीनंतर सीव्हीव्ही साठवायला पीसीआय या कार्ड-सुरक्षेच्या मानकांनुसार बंदी आहे, त्यामुळे चोरलेल्या डेटाबेसमध्ये तो सहसा नसतो. पेमेंट पानावरचा कोड मात्र तुम्ही टाइप करतानाच तो उचलतो.

ओटीपी येण्याचा संबंध विक्रेत्याच्या बाजूशी आहे. विक्रेत्याने थ्रीडी सिक्युअर ही पडताळणी वापरली तरच बँकेला ओटीपी पाठवण्याची संधी मिळते. अनेक देशांमध्ये ती सक्तीची नाही, म्हणून परदेशी संकेतस्थळावर केवळ कार्डाच्या तपशिलांवर व्यवहार होतो. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. लागेल तेव्हा चालू करायला अर्धा मिनिट लागतो.

दाव्याचा प्रकार: सगळ्यात महत्त्वाचा भाग

बँकेला तुमची कहाणी नेटवर्कच्या एका ठरावीक कारण-क्रमांकाखाली बसवावी लागते. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला: व्यवहार मी केला नाही, करायला कुणाला सांगितलं नाही, माझी परवानगी नव्हती. कार्ड प्रत्यक्ष न वापरता झालेल्या अशा व्यवहारासाठी व्हिसाचा क्रमांक 10.4, मास्टरकार्डचा 4837. मुदत साधारण 120 दिवस.

दुसरा: व्यवहार मीच केला, पण माल आला नाही, खराब आला, रद्द केल्यावरही पैसे कापले. इथे व्हिसाचे 13 ने सुरू होणारे क्रमांक आणि मास्टरकार्डचा 4853 लागतो. मुदत व्यवहाराच्या तारखेऐवजी बहुधा माल येण्याच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. आधी विक्रेत्याशी संपर्क साधल्याचा पुरावा लागतो.

तिसरा: कुणीतरी मला फसवलं आणि ओटीपी मी स्वतः दिला किंवा टाकला.

आता फरक का पडतो ते पाहा. पहिल्या प्रकारात थ्रीडी सिक्युअर झालेलं नसेल तर नुकसान विक्रेत्याच्या बाजूला जातं. तुमच्या बँकेला स्वतःचा पैसा घालावा लागत नाही, म्हणून ती दावा पुढे पाठवायला तयार असते. थ्रीडी सिक्युअर झालेलं असेल तर जबाबदारी तुमच्या बँकेकडे सरकते. मग बँकेला फसवणुकीचा चार्जबॅक करताच येत नाही. पैसे द्यायचे तर स्वतःच्या खिशातून, नाहीतर ग्राहकाच्या. ओटीपीच्या केसमध्ये बँक इतकी ताठर का होते, याचं कारण हे आहे.

सगळ्यात जास्त दावे बिघडतात ते दुसऱ्या प्रकारची गोष्ट पहिल्यात टाकल्याने. सबस्क्रिप्शन आपलंच, रद्द केलेलं, तरी पैसे कापले गेले. ग्राहक वैतागून "हा व्यवहार माझा नाही" यावर टिक करतो. विक्रेता उत्तरात तुमचं खातं, तुमचा पत्ता, मागच्या महिन्यांची बिलं ठेवतो. व्हिसाने एप्रिल 2023 पासून विक्रेत्यांना यासाठी ठोस हत्यार दिलं आहे. त्याच कार्डावरचे, 120 ते 365 दिवसांपूर्वीचे, तक्रार न झालेले किमान दोन व्यवहार दाखवायचे. त्यांच्यात आणि वादातल्या व्यवहारात आयपी पत्ता, उपकरणाची ओळख, लॉगिन किंवा डिलिव्हरीचा पत्ता यांपैकी किमान दोन गोष्टी जुळवायच्या, आणि त्यातली एक आयपी किंवा उपकरण हवी. हे जुळलं की फसवणुकीचा दावा पडतो. "रद्द केल्यावरही पैसे घेतले" असं खरं सांगितलं असतं तर तो जिंकला असता. एकदा फसवणूक म्हणून नोंदवून नंतर कारण बदलायला गेलात की तुमच्या शब्दावरचा विश्वास कमी होतो, आणि तोवर मुदतही निघून गेलेली असते.

उलटही घडतं. खरी फसवणूक झालेला ग्राहक फोनवर म्हणतो, "मी त्या कंपनीकडून असं काही मागवलंच नाही, वस्तूही आली नाही." ऐकणारा "वस्तू आली नाही" एवढंच नोंदवतो आणि केस दुसऱ्या प्रकारात जाते. मग विक्रेता भलत्याच पत्त्यावर वस्तू पोचल्याची पावती दाखवतो आणि प्रकरण तिथेच अडकतं. म्हणून व्यवहार तुमचा नसेल तर वस्तूचा, दर्जाचा, विक्रेत्याशी बोलण्याचा विषयच काढू नका. एकच वाक्य: हा व्यवहार मी केलेला नाही आणि त्याला माझी परवानगी नव्हती.

तिसऱ्या प्रकारात खोटं बोलू नका. "ओटीपी आलाच नाही" असं सांगितलं आणि बँकेने पाठवल्याची व पोचल्याची नोंद काढली, तर उरलेली केसही जाते. त्याऐवजी खरं सांगून जे मुद्दे आहेत ते मांडा. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि विक्रेत्याचं नाव होतं का? मेसेज खरेदीचा होता, की कार्ड एखाद्या फोनच्या वॉलेटमध्ये जोडण्याचा? काही मिनिटांत एकामागून एक मोठे व्यवहार तुमच्या नेहमीच्या वापराशी पूर्ण विसंगत होते का? व्यवहाराचा अलर्ट किती उशिरा आला? आणि सगळ्यात वजनदार मुद्दा: तुम्ही कळवल्याच्या वेळेनंतर काही व्यवहार मंजूर झाला का? झाला असेल तर त्याची जबाबदारी बँकेची आहे, आणि त्यासाठीच तक्रारीची वेळ मिनिटापर्यंत नोंदवलेली असावी.

अर्ज

डिस्प्यूट फॉर्म भराच, पण सोबत स्वतःचा मजकूरही जोडा. फॉर्मच्या चौकोनांमध्ये घटनाक्रम मावत नाही. मजकूर एवढाच पुरतो:

"विषय: अनधिकृत व्यवहारांची तक्रार, कार्डाचे शेवटचे चार अंक ____.
खालील दोन व्यवहार मी केलेले नाहीत आणि त्यांना माझी किंवा ॲड-ऑन कार्डधारकाची परवानगी नव्हती: (1) तारीख, स्टेटमेंटवरील नाव जसेच्या तसे, रक्कम व चलन. (2) तसेच.
व्यवहारांच्या वेळी कार्ड माझ्या ताब्यात होते. मला ओटीपी आला नाही व मी तो कोणालाही दिलेला नाही. मला व्यवहार पहिल्यांदा दिनांक ____ रोजी ____ वाजता दिसले. मी ____ वाजता फोनवर कळवले, तक्रार क्रमांक ____. कार्ड ____ वाजता ब्लॉक झाले.
कृपया मूळ रकमेसह त्यावरील परकीय चलन शुल्क, कर, व्याज व विलंब शुल्क परत करावे, चौकशी पूर्ण होईपर्यंत ही रक्कम थकबाकी म्हणून कळवू नये, आणि या कार्डावरचे सर्व टोकन व आवर्ती सूचना रद्द कराव्यात."

टोकन म्हणजे विक्रेत्याकडे किंवा फोनमध्ये कार्डाच्या नंबराऐवजी साठवलेला बदली क्रमांक, आणि आवर्ती सूचना म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याची दिलेली परवानगी. एका विक्रेत्याचे अनेक व्यवहार असतील तर प्रत्येक ओळ वेगळी लिहा. "एकूण सात व्यवहार" असं एकत्र लिहिलं की एखादा सुटतो. सोबत स्टेटमेंटचं पान आणि अलर्टचे स्क्रीनशॉट जोडा. तुमच्या ठावठिकाण्याचा पुरावा तेव्हाच उपयोगी, जेव्हा व्यवहार प्रत्यक्ष दुकानात कार्ड वापरून झालेला आहे. ऑनलाइन व्यवहारात तुम्ही कुठे होता याला फारसं वजन नसतं. रक्कम मोठी असेल किंवा बँकेने मागितलं असेल तर पोलिसांत तक्रार करून तिची प्रत द्या, पण ती मिळेपर्यंत बँकेकडचा अर्ज अडवून ठेवू नका.

वाट पाहण्याचा काळ

बँक बरेचदा रक्कम तात्पुरती जमा करते. हा निकाल नव्हे. विक्रेत्याच्या बाजूला उत्तरासाठी साधारण 30 ते 45 दिवस मिळतात, त्यानंतर पुढची फेरी होऊ शकते. निकाल विरुद्ध गेला तर जमा रक्कम पुन्हा कापली जाते, म्हणून तेवढे पैसे बाजूला ठेवा. याच दरम्यान विक्रेत्याने स्वतःहून रिफंड दिला तर बँकेला लगेच कळवा. दोन्हीकडून आलेले पैसे एका बाजूने परत घेतले जाणारच, आणि न कळवल्याने तुमची बाजू विनाकारण संशयास्पद होते.

बिलाच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते: रागाने पूर्ण बिलच न भरणं. वादातली रक्कम सोडून बाकीचं बिल ड्यू डेटच्या आत भरा. वादातली रक्कम मिनिमम ड्यूमध्ये धरली आहे का हे लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत किमान मिनिमम ड्यू तरी भरलेली असू द्या, म्हणजे क्रेडिट इतिहासाला धक्का लागत नाही. ऑटो-डेबिट "पूर्ण रक्कम" वर असेल तर वादातले पैसेही कापले जातील. त्याने दावा बुडत नाही, पण पैसे अडकतात. बँकेने तात्पुरती जमा दिलेली नसेल तर त्या महिन्यापुरता ऑटो-डेबिट बदलून हाताने भरा.

दावा नाकारला तर

"व्यवहार सुरक्षित पद्धतीने झाला आहे, दावा अमान्य" एवढ्या ओळीवर थांबू नका. लेखी विचारा: व्यवहार कोणत्या पद्धतीने नोंदला गेला, चिप, काँटॅक्टलेस, हाताने टाइप केलेला क्रमांक, की साठवलेलं कार्ड? थ्रीडी सिक्युअर पडताळणीचा निर्देशांक काय होता? व्हिसावर 05 म्हणजे पूर्ण पडताळणी, 06 म्हणजे फक्त प्रयत्न, 07 म्हणजे पडताळणी नाही. मास्टरकार्डवर अनुक्रमे 02, 01, 00. बँक "सुरक्षित" म्हणते आणि निर्देशांक 07 निघतो, असं झालं तर तिचं उत्तर तिथेच कोसळतं. पुढे विचारा: चार्जबॅक दाखल केला होता का, कोणत्या तारखेला, कोणत्या कारण-क्रमांकाखाली? विक्रेत्याने काय कागद दिले? त्यांच्या प्रती द्या. 23 अंकी एआरएन क्रमांकही मागून ठेवा, त्याने व्यवहार कोणत्याही टप्प्यावर शोधता येतो.

विक्रेत्याच्या कागदांमध्ये डिलिव्हरीचा पत्ता, ईमेल, फोन नंबर असतो. तो तुमचा नाही हे ओळीने दाखवा. नुसतं "मला मान्य नाही" लिहून पाठवलेलं पुनर्विचाराचं पत्र सहसा वाचलं जाऊन बंद होतं. नवा मुद्दा किंवा नवा कागद असेल तरच फाइल पुन्हा उघडते.

चार्जबॅक आणि तुमचा कायदेशीर हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे फार महत्त्वाचं. चार्जबॅक हा बँकांमधला आपापसातला नियम. तो हरला म्हणून कायद्याने मिळणारं संरक्षण संपत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ही चौकट घातली: दोष ग्राहकाचाही नाही, बँकेचाही नाही, मधल्या यंत्रणेत आहे, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास 5 लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर कमाल 10,000 रुपये, त्यावरील मर्यादेला 25,000. कळवल्यापासून 10 कामकाजी दिवसांत तात्पुरती जमा, 90 दिवसांत निकाल, आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. अमेरिकेत 1974 च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने लेखी तक्रारीला स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवस दिले, आणि अनधिकृत वापरासाठी ग्राहकाची जबाबदारी तिथल्या कायद्याने कमाल 50 डॉलरवर थांबते. युरोपीय संघात दुसऱ्या पेमेंट सेवा निर्देशानुसार कळवण्याची बाहेरची मर्यादा 13 महिने आहे. अशा नियमांत सुधारणा होत राहतात, म्हणून अर्ज लिहिताना नियामकाच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा मजकूर काढून त्यातलं कलम उद्धृत करा. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून समाधान झालं नाही तर नियामकाकडे किंवा लोकपालाकडे जाता येतं, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा तिथे मागतात. भारतात सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे. पैसा वॉलेटमधून पुढे सरकण्याआधी गोठवायचा असेल तर तिथे फोन करायला मिनिटांचाही उशीर नको.

नवीन कार्ड आल्यावर

नंबर बदलला म्हणजे सगळे दोर तुटले असं होत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही अशा सेवा आहेत ज्या नव्या कार्डाचा तपशील आवर्ती बिल घेणाऱ्या विक्रेत्यांकडे आपोआप पोचवतात. त्यामुळे जुन्या कार्डावर सुरू झालेलं नको असलेलं सबस्क्रिप्शन नव्या कार्डावरही येऊ शकतं. फोन-वॉलेटमधले टोकनही वेगळे असतात. चोराने तुमचं कार्ड त्याच्या फोनमध्ये जोडलं असेल तर बँकेने ते टोकन वेगळं काढून टाकावं लागतं. "या खात्यावर कोणत्या उपकरणांचे टोकन चालू आहेत?" असं विचारा आणि अनोळखी असतील ते रद्द करून घ्या. पहिल्या दोन स्टेटमेंटची प्रत्येक ओळ वाचा.

ओटीपी चोरीला गेल्याचा संशय असेल तर फोनकडे वळा. आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. बँकेचे मेल थेट कचऱ्यात टाकणारा नियम तिथे बसवलेला असू शकतो. अचानक शेकडो न्यूजलेटरचे मेल येऊ लागले तर ते बहुधा एखादा खरेदीचा मेल दडवण्यासाठी असतात, तेव्हा ती गर्दी चाळून पाहाच. बाहेरून फाइल पाठवून बसवलेलं कुठलंही ॲप आणि स्क्रीन शेअर करणारं ॲप काढा. मेसेज वाचण्याची परवानगी कुणाला आहे ते पाहा, आणि शंका उरली तर फोन फॅक्टरी रीसेट करा. हे होईपर्यंत बँकेशी बोलणं आणि पासवर्ड बदलणं दुसऱ्या फोनवरून. सिमचं नेटवर्क कारण नसताना गेलं असेल तर आधी मोबाइल कंपनीला विचारा की तुमच्या नावाने दुसरं सिम निघालं आहे का.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी "रिफंड विभागातून" फोन येण्याची शक्यता धरून चाला. त्याला तुमची रक्कम, विक्रेता, कधीकधी कार्डाचे शेवटचे अंकही माहीत असतात, कारण पहिली चोरी ज्यांनी केली त्यांच्याकडेच ती माहिती आहे. पैसे परत मिळवून देण्यासाठी आगाऊ शुल्क, ॲप किंवा ओटीपी मागणारा प्रत्येक जण दुसरी चोरी करायला आलेला असतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला की "केस बंद" हा मेसेज पुरेसा धरू नका. निकाल अंतिम आहे असं लेखी घ्या. मग स्टेटमेंट उघडून मूळ रक्कम, चलन शुल्क, त्यावरचा कर, व्याज, विलंब शुल्क हे एकेक करून जमा झालं का ते जुळवा. मूळ रक्कम येते आणि शुल्कं राहून जातात, हे वारंवार घडतं. परकीय चलनात रिफंड आला असेल तर दरातल्या फरकाने काही रक्कम कमी भरते, तीही अनधिकृत व्यवहाराचाच भाग म्हणून मागा. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून त्या काळातली थकबाकी दाखवलेली नाही ना ते पाहा. दाखवली असेल तर बँकेच्या अंतिम पत्राची प्रत जोडून बँक आणि क्रेडिट ब्यूरो दोघांकडे दुरुस्तीचा अर्ज करा.